कोथिंबिरीची ॲलर्जी रक्तात कशी शोधतात?

जळगावकडचे भरीत तुमच्यापैकी पुष्कळांनी खाल्ले असेल. भाजलेली वांगी, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि वर भरपूर कोथिंबीर! समजा, ते खाल्ल्यावर एका मुलाच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. घरात कोणी म्हणाले, "कोथिंबीर बाधली." पण संशयित तर सहा आहेत! अशा वेळी डॉक्टर कधी कधी रक्त तपासायला सांगतात.

रोगजंतूंशी लढण्यासाठी आपले शरीर प्रतिपिंडे नावाची प्रथिने बनवते. काहींच्या शरीरात मात्र निरुपद्रवी अन्नातील प्रथिनांविरुद्धही 'आयजीई' नावाची प्रतिपिंडे तयार होतात व त्वचेतील मास्ट पेशींवर चिकटून बसतात. तेच अन्न पुन्हा खाल्ले, की त्यातील प्रथिन या प्रतिपिंडांना जोडले जाते आणि पेशींतून हिस्टामीन बाहेर पडते. खाज, गांधी, सूज ही त्याचीच करणी.

हा दोष रक्तात असतो, हे १९२१ साली जर्मनीत दिसून आले. क्युस्टनर यांना मासे सोसत नसत. त्यांचे रक्तजल प्राउसनिट्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतले. दुसऱ्या दिवशी तेथेच माशाचा अर्क टोचताच गांध उठली! पुढे १९६६-६७ मध्ये अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी आयजीई शोधून काढले.

आता तपासणी पाहू. कोथिंबिरीतील प्रथिने एका घन पदार्थावर पक्की बसवतात व त्यावर मुलाचे रक्तजल सोडतात. कोथिंबिरीविरुद्धचे आयजीई असेल, तर ते तेथे चिकटते. बाकीचे धुऊन जाते. मग आयजीईलाच चिकटणारे, खूण केलेले दुसरे प्रतिपिंड घालतात. पूर्वी ही खूण किरणोत्सर्गी आयोडीनची असे. आता बहुधा विकराची असते. जितकी खूण उरते, तितके आयजीई जास्त.

परंतु आयजीई सापडले म्हणजे ॲलर्जी सिद्ध झाली, असे नाही. धने, जिरे, बडीशेप, ओवा, गाजर ही एकाच कुलातील भावंडे. त्यांची काही प्रथिने सारखी असल्याने एकाविरुद्धचे प्रतिपिंड दुसऱ्यालाही चिकटू शकते. रक्तात प्रतिपिंड असूनही कोथिंबीर सुखाने खाणारी माणसे असतात. म्हणून केवळ कागदावरचा आकडा पाहून मुलाच्या ताटातले पदार्थ काढून टाकू नयेत. काय खाल्ले, किती वेळाने त्रास झाला, हे डॉक्टरांना सांगणे तितकेच महत्त्वाचे. खाऊन पाहण्याची परीक्षा घरी मुळीच करू नये. श्वास कोंडू लागला, घेरी आली, तर रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन जीव वाचवते.

आता एक प्रश्न. तोच मुलगा धुळ्याला कच्ची कोथिंबीर पेरलेली शेवभाजी खातो व त्याला काहीच होत नाही. दोन्ही पदार्थांतील जिनसांची यादी करा. तुमचा पहिला संशय कोणावर?