क्रॅश इथे, टूल म्हणतंय शेजारी

राजगुरुनगरहून बोलतोय. चाकणच्या एका कारखान्यातल्या लिनक्स गेटवेवर आमचा प्रोग्रॅम क्रॅश व्हायचा. लॉगमध्ये नुसते हेक्स पत्ते. सिम्बॉल टूलला दिले की भलतंच फंक्शन यायचं, आणि टीम दोन दिवस धडधाकट कोड उसवत बसली.

एएसएलआरमुळे प्रोग्रॅम दरवेळी मेमरीत वेगळ्या जागी लोड होतो, म्हणून आधी लोड बेस वजा करायचा. ते टूल करत होतं. मग घोळ कुठे?

तर, स्टॅकवर असतो रिटर्न अ‍ॅड्रेस. म्हणजे कॉल जिथून केला ती जागा नव्हे, त्याच्या पुढची इन्स्ट्रक्शन. बऱ्याचदा फरक एखाद्या ओळीचा, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण कॉल अबॉर्टचा असेल तर? तो परतच येत नाही, त्यामुळे कंपायलर पुढे काही लिहीत नाही. कॉल फंक्शनच्या अगदी शेवटी आला, तर पुढचा पत्ता शेजाऱ्याच्या हद्दीत!

उपाय एवढाच: शोधण्याआधी पत्त्यातून १ वजा करा. पण सरसकट नको हां. सगळ्यात वरच्या फ्रेमचा पत्ता आणि सिग्नलने मध्येच अडवलेल्या फ्रेमचा पत्ता हे रिटर्न अ‍ॅड्रेस नसतात, तिथे वजाबाकी केली तर आधीचीच ओळ मिळू शकते. आमच्या टूलमध्ये आता प्रत्येक फ्रेमसोबत हा फरक नोंदवलेला असतो.