माहिती तंत्रज्ञान क्षेत्र : ‘कामगार’ कोणाला म्हणावे?

बंगळुरूच्या पूर्व भागातील मारतहळ्ळी हा परिसर बाह्य वर्तुळाकार मार्गालगतच्या तंत्रज्ञान संकुलांमुळे देशभर परिचित झाला. महाराष्ट्रातील अनेक तरुण अभियंतेही नोकरीसाठी या शहरात जातात. तेथे वेतन चांगले मिळते. परंतु नोकरी अचानक संपुष्टात आली तर कायदा कोणते संरक्षण देतो, याविषयी पुरेशी जाणीव आढळत नाही. या प्रश्नाचे उत्तर ‘कामगार’ या संज्ञेच्या व्याख्येत आहे.

पदनाम नव्हे, कामाचे स्वरूप

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने अंगमेहनतीच्या कामाबरोबरच तांत्रिक व लिपिकीय काम करणाऱ्यांनाही कामगार मानले. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही हेच सूत्र कायम आहे. व्यवस्थापकीय वा प्रशासकीय काम करणारे आणि दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक यांतून वगळले आहेत. तांत्रिक कामासाठी मात्र वेतनमर्यादा नाही. त्यामुळे संगणक आज्ञावली लिहिणारा अभियंता, त्याचे वेतन कितीही असले तरी, कामगार ठरू शकतो. वाद उद्भवल्यास न्यायालये पदनामापेक्षा प्रत्यक्ष प्रमुख काम कोणते, हे पाहतात.

कामगार ठरणाऱ्या आणि सलग एक वर्ष सेवा झालेल्या व्यक्तीस कपातीपूर्वी एक महिन्याची सूचना किंवा त्याऐवजी वेतन, तसेच सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून मिळते.

कर्नाटकातील सवलत

कामगार हा समवर्ती सूचीतील विषय आहे. कर्नाटक सरकारने २०१४ मध्ये माहिती तंत्रज्ञान उद्योगाला स्थायी आदेशांच्या १९४६ च्या कायद्यातून पाच वर्षांची सूट दिली. २०१९ व २०२४ मध्ये ती वाढवली. मात्र ही सूट सशर्त होती. लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती व तक्रार निवारण समिती स्थापणे, तसेच निलंबन, पदावनती व बडतर्फीची माहिती कामगार विभागाला देणे आवश्यक होते. या क्षेत्रातील कर्मचाऱ्यांची संघटना २०१७ मध्ये नोंदली गेली. २०२४ मध्ये कामाचे तास वाढवण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा तिने विरोध केला.

नव्या संहितांचा अर्थ

चारही श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांतील ‘कर्मचारी’ व ‘कामगार’ हा भेद अभ्यासकांनी लक्षात घ्यावा. कर्मचारी या व्यापक संज्ञेत व्यवस्थापकही येतात. वेतन संहितेनुसार नोकरी सुटल्यावर देय वेतन दोन कामकाजी दिवसांत मिळण्याचा हक्क सर्व कर्मचाऱ्यांना आहे. मुदतबंद नियुक्तीवरील कर्मचाऱ्यास एक वर्षाच्या सेवेनंतर उपदानाचा लाभ मिळतो. कपातीची भरपाई आणि औद्योगिक न्यायाधिकरणाचे संरक्षण मात्र कामगारापुरतेच आहे.

खरी अडचण अंमलबजावणीत आहे. कर्मचाऱ्याने राजीनामा दिला की कायद्याच्या दृष्टीने ती कपात राहत नाही आणि भरपाईचा प्रश्नच उरत नाही. राजीनामा सक्तीने घेतला असल्यास दाद मागता येते. परंतु सक्ती सिद्ध करण्याचा भार कर्मचाऱ्यावरच पडतो. म्हणून हक्कांची माहिती राजीनाम्यावर स्वाक्षरी करण्यापूर्वी असणे महत्त्वाचे आहे. तक्रार निवारण समित्या कार्यक्षम झाल्या आणि कामगार विभागाने कपातीच्या नोंदींची नियमित तपासणी केली, तरच व्याख्येतील संरक्षण प्रत्यक्षात उतरेल.