कुलुपातील पोथी आणि भरकटलेली चर्चा

कोल्हापुरात गाणे संपले तरी मैफल संपत नाही. ज्या नगरीत १८८३ साली देवल क्लब स्थापन झाला आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादियाखाँ राहिले, तेथील रसिकांनी राग, श्रुती आणि जुने ग्रंथ यांवरून वाद घालावेत, हे स्वाभाविकच होय. परंतु हे वाद बहुधा एकाच वळणाने जातात. प्रारंभ एखाद्या रागाच्या जुन्या स्वरूपापासून होतो. कोणी तरी एखाद्या दुर्मिळ पोथीचा आधार सांगतो. ती पोथी इतरांनी पाहिलेली नसते. मग राग बाजूला राहतो आणि बोलणे सांगणाऱ्याच्या घराण्यावर, गुरूवर व अधिकारावर येते. या विषयांतराचा दोष रसिकांच्या तापट स्वभावाला दिला जातो. वस्तुतः त्याचे मूळ न पाहिलेल्या पोथीत आहे.

बावीस श्रुतींचा वाद याची साक्ष देतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. पुण्याच्या आनंदाश्रमाने तो १८९६-९७ मध्ये छापला आणि हस्तलिखितांत अडकलेला ग्रंथ सामान्य अभ्यासकाच्या हाती आला. षड्जाच्या चार, ऋषभाच्या तीन, गांधाराच्या दोन असे श्रुतींचे वाटप त्यात आहे. तारेची नेमकी लांबी मात्र नाही. ती सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी गणिताने बसविली व १९१० मध्ये प्रसिद्ध केली. सनदी अधिकारी क्लेमेंट्स यांनी त्यांची बाजू उचलून धरली. त्या गणितावर बेतलेली श्रुतिपेटी १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत मांडली गेली, तेव्हा विष्णु नारायण भातखंडे यांना ती मान्य झाली नाही. शार्ङ्गदेव स्वर शेवटच्या श्रुतीवर ठेवतो, तर भातखंडे पहिल्या श्रुतीवर. वाद कडवा होता. पण ग्रंथ खुला असल्याने कोणाचे पाऊल कोठे ग्रंथाबाहेर पडले, हे आजचा विद्यार्थीही तपासू शकतो.

भातखंडे यांचे मोठेपण येथेच दिसते. १९०४ च्या दक्षिण यात्रेत त्यांना एट्टयपुरम् येथे सुब्बराम दीक्षितांकडून व्यंकटमखीच्या 'चतुर्दण्डीप्रकाशिके'चे हस्तलिखित मिळाले. ते त्यांनी पेटीत न ठेवता पुढे छापले. दहा थाटांची त्यांची मांडणी ज्यांना पटत नाही, त्यांनाही तिच्यामागील बहात्तर मेळांचा आधार त्यामुळेच पडताळता येतो.

उस्तादांनी विद्या लपविली, हा आरोप मात्र जपून केला पाहिजे. गायकाला निवृत्तिवेतन नव्हते. बंदीश हेच त्याचे भांडवल होते. राजाश्रय एका व्यक्तीच्या आयुष्यावर टांगलेला असे. १९२२ मध्ये शाहू महाराज निवर्तले आणि अल्लादियाखाँना पुढे मुंबईची वाट धरावी लागली. अशा माणसाने आपली ठेव जपली, तर ती कंजुषी नव्हे.

आजच्या संग्राहकाला ही सबब नाही. त्याचा चरितार्थ पोथीवर चालत नाही; चालते ती प्रतिष्ठा. सोन्याचा तोळा दुसऱ्याला दिला तर आपल्याकडे एक तोळा कमी होतो. पोथीची नक्कल दिल्याने मूळ पोथीतील एक अक्षरही कमी होत नाही. कुलुपात ठेवलेली पोथी मात्र कसर आणि ओल यांनी निश्चित कमी होत जाते. २०१९ व २०२१ मध्ये पंचगंगेचा पूर या शहरात घराघरांत शिरला. २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. एकाच घरातील एकमेव प्रत किती सुरक्षित, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगावयास नको.

उपाय खर्चाचा नाही. मूळ पोथी मालकाकडेच राहावी. तिची छायाप्रत करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयात किंवा शिवाजी विद्यापीठात, मालकाच्या नावाच्या नोंदीसह, सर्वांसाठी ठेवावी. चर्चेत ज्याने ग्रंथाचा आधार सांगितला, त्याने पान दाखवावे, एवढा नियम रसिक मंडळांनी करावा. त्याने मतभेद मिटणार नाहीत, आणि मिटण्याची गरजही नाही. ते माणसांवरून निघून पुन्हा संगीतावर येतील, एवढे पुरे.