एका संगणकावर अनेक विद्यार्थी : दूरस्थ पडद्याच्या कार्डाची जोडणी आणि वीजपुरवठा

प्रत्येक विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र संगणक घेणे मर्यादित निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांना परवडत नाही. हैदराबाद ही तत्कालीन संयुक्त आंध्र प्रदेशची राजधानी असताना, २००८ साली, राज्यातील सुमारे ५,००० शासकीय शाळांसाठी 'एन-कम्प्युटिंग'ची पद्धत निवडण्यात आली. या पद्धतीत एका संगणकाची शक्ती अनेक विद्यार्थ्यांत वाटली जाते. तिच्या 'एक्स-३००' या प्रकाराचे स्वरूप येथे पाहू.

या प्रकारात मुख्य संगणकाच्या पीसीआय खाचेत एक कार्ड बसवितात. कार्डावर तीन जोडणीमुखे असतात. प्रत्येकातून निघालेली तार जास्तीत जास्त १० मीटरवरील लहान पेटीपर्यंत जाते. पेटीला पडदा, कळफलक व माऊस जोडला की मुख्य संगणकासह एकूण चार विद्यार्थी एकाच वेळी काम करू शकतात. सर्व गणनकार्य मात्र मुख्य संगणकच करतो.

कार्ड बसविताना प्रथम संगणक बंद करून वीजतार भिंतीतून काढावी. पेटाऱ्याच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. मग कार्ड कडेने धरून खाचेत सरळ दाबावे व स्क्रूने घट्ट करावे. कार्डाची जोडणीमुखे नेटवर्कच्या जोडणीमुखांसारखीच दिसतात, परंतु त्यांतील तार नेटवर्क स्विचला कदापि जोडू नये. यानंतर आज्ञावली बसवावी आणि प्रत्येक आसनासाठी लागणारा परवाना तपासून घ्यावा.

वीजपुरवठ्याच्या बाबतीत नेमकी चूक होते ती येथेच. कार्डाला वीज खाचेतून मिळते आणि पेट्यांना ती त्याच तारेतून पोहोचते. एका पेटीला सुमारे १ वॅट, म्हणजे तिन्हींना अवघे ३ वॅट पुरतात. त्यामुळे सारी व्यवस्था मुख्य संगणकावरच चालते असा समज होतो. वस्तुतः पडद्यांना भिंतीतून स्वतंत्र वीज लागते. एक पडदा ३० वॅटचा धरल्यास चार पडद्यांना १२० वॅट होतात. यूपीएसवर केवळ मुख्य संगणक ठेवला, तर वीज जाताच संगणक चालू राहतो, पण पडदे काळे पडतात. विद्यार्थ्यांना काम जतन करता येत नाही, आणि यूपीएसची बॅटरी उतरली की चौघांचेही काम एकदम नाहीसे होते. म्हणून यूपीएसची क्षमता ठरविताना पडद्यांचा भार अवश्य धरावा.

आजच्या बहुतेक नव्या संगणकांत पीसीआय खाच नसते. त्यामुळे हे कार्ड जुन्या यंत्रांपुरतेच उपयोगी ठरते. तथापि एका यंत्रावर अनेकांचे काम अवलंबून असेल, तर त्या यंत्राबरोबर त्या सर्वांच्या पडद्यांचाही वीजपुरवठा सुरक्षित असला पाहिजे, हे तत्त्व कोणत्याही सामायिक प्रयोगशाळेला लागू पडते.