कर्नल अद्ययावत केल्यानंतर उद्भवणाऱ्या हार्डवेअरच्या समस्या : कारणे आणि निदानपद्धती

प्रस्तावना

अनेक महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांत लिनक्स ही संगणकप्रणाली वापरली जाते. प्रणाली अद्ययावत करून संगणक पुन्हा सुरू केला असता वायरलेस नेटवर्क न मिळणे, ध्वनी बंद पडणे, प्रोजेक्टरवर चित्र न उमटणे असे प्रकार कधी कधी घडतात. अशा वेळी कार्ड नादुरुस्त झाल्याचे गृहीत धरून नवीन खरेदीचा प्रस्ताव तयार होतो आणि सुस्थितीतील यंत्र निर्लेखनाच्या यादीत जाते. वस्तुतः दोष पुष्कळदा यंत्रात नसून यंत्र आणि नवा कर्नल यांच्यातील दुव्यात असतो. तो कसा ओळखावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कर्नल आणि ड्रायव्हर

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये निर्माण केलेला कर्नल हा या प्रणालीचा गाभा होय. विशिष्ट उपकरणाशी व्यवहार करणाऱ्या त्याच्या भागास ड्रायव्हर म्हणतात. बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात व मोड्यूलच्या स्वरूपात, त्या त्या आवृत्तीच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये राहतात. कर्नलची अंतर्गत रचना आवश्यकतेनुसार बदलती ठेवण्याचे विकासकांचे धोरण आहे. त्यामुळे जुन्या आवृत्तीसाठी तयार केलेले मोड्यूल नव्या आवृत्तीत चालेलच असे नाही.

समस्येची प्रमुख कारणे

१. बाहेरून बसवलेला ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा तयार झालेला नसणे. हे काम आपोआप करण्यासाठी डेल कंपनीच्या अभियंत्यांनी २००३ मध्ये डीकेएमएस ही व्यवस्था विकसित केली. परंतु नव्या कर्नलच्या हेडर फाइल्स नसतील तर तीही निष्फळ ठरते.

२. नव्या ड्रायव्हरला हवी असलेली फर्मवेअर फाइल उपलब्ध नसणे.

३. सिक्युअर बूट सुरू असताना मोड्यूलवर मान्य डिजिटल स्वाक्षरी नसणे.

४. नव्या कर्नलमध्येच दोष शिरलेला असणे.

निदानाची क्रमवार पद्धती

प्रथम संगणक पूर्ण बंद करावा, वीजपुरवठा काही क्षण तोडावा आणि प्रारंभीच्या ग्रब सूचीतून जुना कर्नल निवडावा. उपकरण चालू झाल्यास ते सुस्थितीत आहे, असे मानण्यास सबळ आधार मिळतो. न चालल्यास केबल, पोर्ट व कार्ड तपासावे. मात्र फर्मवेअरचे पॅकेज त्याच वेळी बदलले असेल, तर जुना कर्नल निवडल्याने ते पूर्ववत होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

त्यानंतर नव्या कर्नलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘के’ या पर्यायासह द्यावी. अंतर्गत कार्ड यादीत दिसत नसेल तर जोडणी अथवा बायोस तपासावे. कार्ड दिसते पण त्यापुढे ड्रायव्हरचे नाव नाही, असे असेल तर मोड्यूलकडे लक्ष द्यावे. ‘डीमेसेज’ या आज्ञेने दिसणाऱ्या नोंदींत फर्मवेअर न सापडल्याचा, स्वाक्षरी नाकारल्याचा किंवा आवृत्ती न जुळल्याचा उल्लेख बहुधा आढळतो. त्यावरून उपाय ठरतो.

यांपैकी काहीच न आढळल्यास चालणारी व न चालणारी अशा दोन्ही आवृत्त्यांचे क्रमांक देऊन दोष कळवावा. ‘गिट बायसेक्ट’ हे साधन दर चाचणीत संशयित बदलांची संख्या निम्मी करते. परिणामी सुमारे १००० बदलांतून दोषी बदल १० चाचण्यांत सापडू शकतो. तोवर जुना कर्नल वापरता येतो. तथापि त्यात सुरक्षाविषयक नव्या दुरुस्त्या नसल्याने हा उपाय तात्पुरताच समजावा.

एक अपवाद

सॉफ्टवेअरमुळे यंत्रास इजा होतच नाही, असे मात्र नाही. २००८ मध्ये कर्नल २.६.२७ च्या चाचणी-आवृत्त्यांमुळे इंटेलच्या काही नेटवर्क कार्डांवरील स्थायी स्मृतीतील माहिती बिघडली आणि ती कार्डे निकामी झाली. प्रथम संशय नेटवर्क ड्रायव्हरवर आला. प्रत्यक्षात दोष कर्नलमधील एफट्रेस या कार्यमागोवा घेणाऱ्या यंत्रणेत निघाला. जुना कर्नल निवडूनही असे कार्ड आपोआप सुधारत नाही. अशी उदाहरणे विरळ असली, तरी चाचणी-आवृत्त्या प्रयोगशाळेत बसवू नयेत, हा बोध त्यातून मिळतो.

समारोप

नवा कर्नल आधी एकाच संगणकावर बसवून पाहणे, प्रात्यक्षिक परीक्षेच्या तोंडावर अद्ययावतीकरण टाळणे आणि किमान एक चालणारा जुना कर्नल राखून ठेवणे, ही पथ्ये खर्चाविना पाळता येतात. निर्लेखनाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत जुन्या कर्नलवरील चाचणीचा निष्कर्ष जोडण्याची प्रथा महाविद्यालयांनी स्वीकारल्यास अनावश्यक खरेदी टळेल आणि विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांचा वेळही वाचेल.