घरची डीव्हीडी परदेशातल्या टीव्हीवर का चालत नाही?



संशोधनासाठी बाहेर जायचं म्हटलं की आपण स्कॉलरशिप, व्हिसा, गाइडचे ईमेल यांतच बुडून जातो. आज बॅगेतल्या एका छोट्या वस्तूबद्दल बोलू. तुळजापूर घ्या, उमरगा घ्या नाहीतर परंडा. घरातल्या कपाटात लग्नाची, बारशाची, नवरात्रात घातलेल्या गोंधळाची एखादी डीव्हीडी असतेच. आजी-आजोबांचा आवाज कित्येक घरांत फक्त त्या डिस्कवरच शिल्लक असतो. ती डिस्क कुणी अमेरिकेला घेऊन जातं, तिथल्या टीव्हीला जोडलेल्या प्लेअरमध्ये घालतं, आणि पडद्यावर रंग उडालेलं, वर सरकत जाणारं चित्र येतं. कधी चित्रच येत नाही, नुसती चुकीच्या रिजनची सूचना येते. मग 'डिस्क खराब झाली' म्हणून ती टाकून दिली जाते. खरं तर डिस्क बहुतेक वेळा ठणठणीत असते.

इथे दोन वेगवेगळी कुलपं आहेत. एक तंत्रज्ञानातून आलेलं, दुसरं धंद्यासाठी मुद्दाम घातलेलं. दोन्हींची गल्लत झाली की उपाय सापडत नाही.

पहिलं कुलूप: पाल आणि एनटीएससी

याचं मूळ घरातल्या विजेत आहे. भारतात आणि युरोपात वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६० हर्ट्झची. सुरुवातीच्या टीव्हीत चित्र बदलण्याचा वेग विजेच्या वारंवारतेशी जुळवला होता, म्हणजे विजेमुळे चित्रात येणारी पट्टी वरखाली धावत राहत नसे. त्यामुळे अमेरिकेत सेकंदाला साधारण ३० फ्रेम आणि ५२५ रेषा ठरल्या. युरोपात २५ फ्रेम आणि ६२५ रेषा. रंग आल्यावर अमेरिकेने १९५३ मध्ये एनटीएससी रंगपद्धत स्वीकारली. जर्मनीत वाल्टर ब्रुख यांनी पाल पद्धत विकसित केली. भारतात १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या वर्षी रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, तेव्हा आपण पाल घेतली.

डीव्हीडीवरची माहिती डिजिटल असते, त्यामुळे काटेकोरपणे पाहिलं तर 'पाल डिस्क' हे बोलीतलं नाव आहे. डिस्कवर असते ती चित्राची मापं: पालसाठी ७२० × ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम, एनटीएससीसाठी ७२० × ४८० आणि २९.९७ फ्रेम.

आता एक गंमत बघा. ५७६ × २५ = १४,४००. आणि ४८० × ३० = १४,४००. म्हणजे दोन्ही पद्धती सेकंदाला जवळपास तेवढ्याच रेषा पाठवतात. पाल चित्राच्या बारकाव्यावर जास्त खर्च करते, एनटीएससी हालचालीवर. एक चांगली आणि दुसरी वाईट असं काही नाही, वाटणी वेगळी आहे एवढंच.

फक्त एनटीएससी समजणाऱ्या टीव्हीला पालचा सिग्नल मिळाला, तर रेषांचा आणि वेगाचा मेळ बसत नाही, म्हणून चित्र सरकतं. रंगाची उपवाहक लहर पालमध्ये ४.४३ मेगाहर्ट्झवर असते आणि एनटीएससीत ३.५८ वर, म्हणून रंग उडतो. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर आणि टीव्ही दोन्ही पद्धती चालवतात, त्यामुळे हा प्रश्न गावात असताना कळतच नाही.

दुसरं कुलूप: रिजन कोड

सिनेमा वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या तारखांना प्रदर्शित व्हायचा. एका देशातली डिस्क दुसऱ्या देशात आधीच पोचू नये म्हणून कंपन्यांनी जगाचे भाग पाडले. अमेरिका-कॅनडा रिजन १, पश्चिम युरोप आणि जपान २, ऑस्ट्रेलिया ४, भारत ५. प्लेअर डिस्कवरचा हा कोड वाचतो आणि जुळला नाही तर नकार देतो. इथे चित्राचा काही संबंध नाही, ही फक्त परवानगीची खूण आहे.

लक्षात ठेवायचा मुद्दा हा, की गावातल्या स्टुडिओत रेकॉर्ड करून दिलेल्या डिस्कवर रिजनचं बंधन नसतं. ते असतं दुकानातून घेतलेल्या सिनेमाच्या डिस्कवर, आणि तिथेही प्रत्येकीवर नाही. परदेशातल्या भारतीयांसाठी काढलेल्या बऱ्याच हिंदी सिनेमांच्या डीव्हीडी 'सर्व रिजन' आणि एनटीएससी असतात. म्हणून आधी वेष्टणाची मागची बाजू वाचा.

आता दोन्ही एकत्र मांडू

समजा तुमच्याकडे रिजन ५ ची पाल डिस्क आहे. अमेरिकेत दोन्ही कुलपं आडवी येतात. जर्मनीत किंवा ब्रिटनमध्ये चित्राची पद्धत जुळते, रिजन जुळत नाही. जपान आणि जर्मनी दोघेही रिजन २, पण जपान एनटीएससीवाला. म्हणजे एक कुलूप सारखं, दुसरं वेगळं. आणि लग्नाची घरगुती पाल डिस्क? जर्मनीत ती सहसा सरळ चालेल, अमेरिकेत फक्त पहिलं कुलूप आडवं येईल.

शोध कसा घ्यायचा? डिस्क लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये घाला. लॅपटॉप फ्रेम उलगडून स्वतःच्या पडद्यावर दाखवतो, त्याला पाल-एनटीएससीचं बंधन नाही. तिथे चाललं तर डिस्क चांगली आहे आणि अडचण प्लेअर-टीव्हीत आहे. मात्र ड्राइव्हने रिजन बदलायला सांगितलं तर घाईने 'हो' म्हणू नका. साधारणपणे असा बदल फक्त ५ वेळा करता येतो, नंतर शेवटचा रिजन कायमचा बसतो.

इथला प्लेअर सोबत न्यायचा विचार असेल तर त्याच्या मागची पट्टी वाचा. आपल्याकडे २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०. पट्टीवर १००–२४० लिहिलं असेल तरच नुसत्या पिन-अडॅप्टरवर भागेल.

संशोधकाने हे का समजून घ्यावं?

एक उदाहरण घ्या. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतो. पाल डीव्हीडीवर तो बरेचदा सरळ २५ फ्रेमने चालवतात. म्हणजे १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो, आणि आवाज दुरुस्त केलेला नसेल तर सूर ४ टक्क्यांनी चढतो. हार्मोनियमच्या दोन लगतच्या पट्ट्यांत साधारण ६ टक्क्यांचं अंतर असतं. म्हणजे जवळपास पाऊण पट्टी वर! उद्या कुणी जुन्या सिनेमांतल्या गाण्यांची पट्टी मोजून निष्कर्ष काढला, तर तो निष्कर्ष गायकाबद्दल असेल की डिस्कबद्दल? एनटीएससीमध्ये काही फ्रेम ठरावीक क्रमाने पुन्हा दाखवून मेळ घालतात, त्यामुळे तिथे सूर जवळपास जागेवर राहतो. उलट तुळजापुरात पाल कॅमेऱ्यावर घेतलेला गोंधळ मुळातच २५ फ्रेमचा, त्यात हा फरक येत नाही. कुठलंही मोजमाप घेताना माहिती कोणत्या यंत्रातून, कोणत्या वेगाने आली हे वहीत लिहिलंच पाहिजे, ते याचसाठी.

आणि शोधाची पद्धतही तीच. 'चालत नाही' हे निरीक्षण आहे, कारण नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी यंत्र, मग डिस्क, मग देश. प्रयोगशाळेत आपण वेगळं काय करतो?

निघण्यापूर्वी

घरगुती डिस्कवरचा पूर्ण व्हिडिओ फोल्डर जसाच्या तसा हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. लगेच ६० हर्ट्झच्या पद्धतीत बदलू नका. बदललेली प्रत बघण्यासाठी ठीक, पण मूळ जपून ठेवा, कारण बदलताना काहीतरी हरवतंच. घरी रेकॉर्ड केलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो आणि ऊन-उष्णता त्याला सोसत नाही. आपल्याकडचा एप्रिल-मे तर तुम्हाला माहीतच आहे. एक प्रत सोबत, एक घरी. फाइलच्या नावात गाव, प्रसंग आणि वर्ष टाका, आणि पडद्यावर कोण कोण आहे हे आईला विचारून लिहून घ्या. टीव्ही कधीही बदलता येईल. ही नावं सांगणारी माणसं मात्र आत्ताच घरात आहेत.