पाच स्पीकर की दोन? ॲम्प्लिफायर घेण्यापूर्वीचा हिशेब

घुग्घुसला आमचे कापडाचे दुकान आहे. आवाजाच्या यंत्रांचा आमचा धंदा नाही. तरीही या विषयावर लिहीत आहोत, कारण या एका वस्तूवर 60 हजार रुपये खर्च करायचे ठरले आणि घरात तट पडले. कोळसा खाण, सिमेंट आणि लोखंडाच्या कारखान्यांच्या या गावात मोठा टीव्ही आला की मागोमाग आवाजाच्या यंत्राची चौकशी सुरू होते. चुकीच्या मालात अडकलेली रक्कम मोकळी होत नाही, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. म्हणून आमचा तजुर्बा वाचकांपुढे ठेवतो.

धाकटा मुलगा म्हणाला, "अब्बा, होम थिएटर रिसीव्हरच घ्या. पाच स्पीकर लागतात, सिनेमा घरीच होईल." आमचे मन स्टिरिओ इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायरवर होते, कारण गझल आणि कव्वाली दोन स्पीकरवर ऐकण्यातच आमची उमर गेली. तिसरी बाजू अम्मींची. वय 80च्या पुढे, कान मंदावलेले. टीव्हीवरचे बोलणे त्यांना उमगत नव्हते. आवाज वाढवला तर घरभर गोंगाट आणि शब्द तरी तुटकच. हळूहळू त्यांनी टीव्हीसमोर बसणेच सोडले होते.

आधी दोन्ही वस्तू समजून घेऊ. इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर म्हणजे आवाज निवडणारा, कमीजास्त करणारा आणि स्पीकरला ताकद देणारा भाग एकाच डब्यात. त्याच्या वाटा दोन, डावी आणि उजवी. त्यात रेडिओही बसवला की तो रिसीव्हर. नाव त्यावरूनच पडले. होम थिएटर रिसीव्हरमध्ये पाच, सात किंवा अधिक वाटा असतात. टीव्हीचे चित्रही त्यातून जाते आणि सिनेमाचा आवाज उलगडून प्रत्येक स्पीकरला त्याचा वाटा देण्याचे काम आतला संगणक करतो.

आता कापडवाल्याचा हिशेब. ठरलेल्या सुतात दोन थान विणले तर पोत घट्ट येतो. त्याच सुतात सात विणले तर विरळ. ॲम्प्लिफायरचेही असेच आहे. एकाच किमतीत रिसीव्हरवाल्याला सात वाटा, चित्राचे सर्किट, संगणक आणि परवान्यांची फी बसवावी लागते. स्टिरिओवाला तीच रक्कम दोन वाटांवर आणि ट्रान्सफॉर्मरवर लावतो. म्हणून सारख्या किमतीत नुसते गाणे ऐकायचे असेल तर बहुधा स्टिरिओ उजवा ठरतो.

वॉटच्या आकड्याला भुलू नये. एके काळी डब्यांवर मोठ्या अक्षरांत पीएमपीओचे हजारो वॉट छापलेले असत. तसला एक डबा आम्हीही घेतला होता; आवाज जरा वाढवला की तो फाटत असे. तो आकडा क्षणभराच्या ताकदीचा, रोजच्या वापराचा नव्हे. विचारायचे ते आरएमएस वॉट, तेही किती ओहमला आणि किती वाटा एकदम चालू असताना. रिसीव्हरचा छापील आकडा पुष्कळदा एक किंवा दोनच वाटा चालवून काढलेला असतो. शिवाय वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त 3 डेसिबल वाढतो. 1978 साली आलेला एनएडी 3020 हा ॲम्प्लिफायर कागदावर केवळ 20 वॉटचा होता, तरी जगभर नावाजला गेला.

दुसरी बाब जुने होण्याची. डॉल्बी डिजिटल 1992 साली सिनेमागृहांत आले. एचडीएमआय 2002 साली ठरले. डॉल्बी ॲटमॉस 2012 साली आणि एचडीएमआय 2.1 हे 2017 साली आले. प्रत्येक बदलाबरोबर जुन्या रिसीव्हरचा भाव पडतो. साध्या स्टिरिओला ही झळ कमी. बिघडला तर चांगला मेकॅनिक ट्रान्झिस्टर आणि कंडेन्सर बदलून तो उभा करतो. रिसीव्हरचा मुख्य बोर्ड गेला तर बहुधा अख्खा बोर्डच मागवावा लागतो.

आपल्या भागाचाही विचार हवा. कोळशाची आणि सिमेंटची धूळ जाळीत बसते, त्यात चंद्रपूरचा उन्हाळा. रिसीव्हर जास्त तापतो. त्याच्यावर वीतभर जागा मोकळी ठेवावी, बंद कपाटात कोंडू नये. विजेचा दाब खालीवर होत असेल तर चांगला स्टॅबिलायझर लावावा. पावसाळ्यात कडकडाट झाला की पिनच काढावी आणि केबलची तारही. परदेशातून कोणी यंत्र आणले तर मागचा व्होल्टेज आधी वाचावा. अमेरिकेचा माल 120 व्होल्टचा, जपानचा 100. आपल्या 230 व्होल्टवर लावला तर गेलाच समजा.

इतका हिशेब झाल्यावर पारडे आमच्या बाजूला झुकले होते. तेवढ्यात शेजारच्या एका मेकॅनिकने सुचवले, "चाचा, घेण्याआधी घरी लावून ऐका." त्याने आपला जुना रिसीव्हर आणि तीन स्पीकर आणले.

अम्मी खिडकीजवळच्या दिवाणावर बसतात, खोलीच्या मधोमध नव्हे. दोन स्पीकरवर बोलणे मधून आल्यासारखे वाटते ते मध्ये बसणाऱ्यालाच; बाजूला बसणाऱ्याला ते जवळच्या स्पीकरला चिकटून, संगीतात मिसळून ऐकू येते. रिसीव्हरमध्ये सिनेमातले बहुतेक बोलणे मधल्या स्पीकरकडे जाते. साध्या स्टिरिओ कार्यक्रमातूनही तो मधला आवाज वेगळा काढू शकतो. मुख्य म्हणजे फक्त मधल्या स्पीकरचा आवाज वाढवता येतो. मेकॅनिकने तो 4 डेसिबल वाढवला. अम्मी थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "आता समजलं, हा पोरगा घर सोडून का चाललाय ते."

आमचा हट्ट तिथेच संपला. रिसीव्हर मध्यम प्रतीचा घेतला आणि उरलेली मोठी रक्कम तीन चांगल्या स्पीकरांवर लावली. मागचे दोन पुढे सवडीने. आमचा जुना स्टिरिओ दुरुस्त करून आमच्या खोलीत ठेवला. गझल त्यावरच ऐकतो. अम्मींच्या कानांची तपासणीही करून घेतली. ते काम यंत्राचे नाही, डॉक्टरचे आहे.

वाचकांना एवढेच सांगणे की दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात. घरात जास्त काय ऐकले जाते, ऐकणारा कुठे बसतो आणि बिघडल्यास दुरुस्त कोण करणार. गाणेच ऐकायचे आणि मधोमध बसणारे एकदोघे असतील तर स्टिरिओ घ्यावा. टीव्ही आणि सिनेमा सारे घर मिळून बघत असेल तर रिसीव्हर, पण त्याला निदान तीन चांगले स्पीकर असावेत. कपडा शिवण्याआधी माप घेतात ते अंगावर घालणाऱ्याचे. आम्ही मात्र इतके दिवस आमचेच माप घेत बसलो होतो.